दिवसा सांगितलेली गोष्ट

पुस्तकात एकही अक्षर नव्हतं. नुसती चित्रं. मांजरीचं एक पिल्लू आईला सोडून फुलपाखरामागे निघालेलं. मुलांची भाषा तपासायला शाळेत आलेल्या शुभांगीताईंनी पुस्तक अदिबाकडे वळवलं. "मला चित्रं दिसत नाहीत हं. तूच सांग गोष्ट. मराठीत सांग, नाहीतर घरी बोलतेस तशी."

सहा वर्षांची अदिबा ओठ मिटून बसली. घरी कोंबडीशीसुद्धा तासन्‌तास भांडणारी पोर ही! पण नानीनं बजावून ठेवलं होतं, दिवसा गोष्ट सांगितली की वाटेवरचा माणूस रस्ता चुकतो. आणि अब्बू तर आत्ता मालेगावहून कापडाचे तागे घेऊन टेम्पोनं घरी येत होते.

शेवटी शुभांगीताई दारात उभ्या असलेल्या तिच्या आईला, नाझियाला म्हणाल्या, "दोन्ही भाषांत एक शब्द नाही हो. पहिलीत कसं बसवायचं? पुन्हा बालवाडीत घालावं लागेल."

नाझियाचा चेहरा पडला. अदिबाला रडूच फुटलं. "अम्मी, अब्बू सफर में है ना! रास्ता भूल गए तो?"

नाझियानं अवघडत सगळं सांगितलं. शुभांगीताई हसल्या नाहीत. त्यांनी उठून खिडक्या लावल्या, निळे पडदे ओढले. "झाली बघ रात्र."

मोठ्या माणसांना काही कळत नाही. टेम्पो काय पडद्याच्या आत चालतो? दाराखालून ऊन आत येत होतं. अदिबा त्या उन्हाकडे बघत राहिली. बघता बघता त्याचा रस्ता झाला आणि पिल्लू त्यावरून तुरुतुरु चालू लागलं. तिनं डोळे पुसले.

"पिल्लू ना, घाट चढलं. मग चांदवड आलं. कांद्याचा वास आला. तितली बोली, अब सीधा जाना. पिंपळगाव आलं. थांबू नको हां! ओझर आलं. मग आडगाव. तिथून आत वळ, मशिदीच्या बाजूला आपलं घर."

चित्रात झाडं होती, एक कोल्हा होता. चांदवड कुठेच नव्हतं. शुभांगीताईंनी तरी पुढचं पान उलटून दिलं.

"अम्मी ने पूछा, रास्ता कैसे मिला? पिल्लू म्हणालं, कुणीतरी सांगत होतं."

शुभांगीताईंनी पुस्तक मिटलं. "पहिलीतच बसेल ही," त्या नाझियाला म्हणाल्या.

अदिबाचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं पुन्हा पहिलं पान उघडलं. गोष्ट संपली होती, पण अब्बू अजून ओझरलाच असतील.