सगळं धरून

मित्रांनो, मी स्टेपलर आहे. जुना आहे, काळा आहे, आणि पाठीवर जिथे माणसांचा अंगठा पडतो तिथला माझा रंग कधीच उडाला आहे. आपली कहाणी सांगावी एवढा मी मोठा नाही, याची मला जाणीव आहे. मोठमोठी यंत्रं आपली कहाणी सांगतात. मी आपला कागद टोचणारा. शिवाय माझं वाचनही अर्धवट. आयुष्यभर मी हजारो कागद तोंडात घेतले, पण प्रत्येकाचा फक्त डावा वरचा कोपरा. पान कशाबद्दल आहे ते मला कळतं, ते संपतं कसं ते कळत नाही. तेव्हा माझं काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादी पत्र्याची पट्टी दाबून माझी पाठ केली, स्प्रिंग बसवली, आणि मी पहिल्यांदा जबडा उघडला. तिथून एका दुकानात गेलो आणि दुकानातून एका वाचनालयात. ते माझे सुखाचे दिवस. मुलांच्या हस्तलिखित अंकाची पानं ग्रंथपालबाई माझ्याकडून टाचून घेत. त्या पानांना खडूचा, खोडरबराचा आणि क्वचित बिस्किटाचा वास असे. "शहाण्यासारखा चावतोस रे," असं बाई एकदा म्हणाल्या होत्या. माझं एवढं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही.

पुढे वाचनालय बंद पडलं. टेबलं-कपाटं विकायला काढली. मी एका टेबलाच्या खणात होतो. मला कोणी मोजलंच नाही. टेबल गेलं तसा मीही गेलो, आणि येऊन पडलो घरं विकणाऱ्या एका दलालाच्या ऑफिसात.

मित्रांनो, त्या ऑफिसची मला पहिल्या दिवसापासून शिसारी आली. काचेच्या दारावर घरांचे फोटो चिकटवलेले होते, ते उन्हाने निळे पडलेले. कोपऱ्यात प्लॅस्टिकची फुलं, त्यांवर धूळ, आणि धुळीवर तेलकट थर. भिंतीवर हातात किल्ली धरून हसणाऱ्या कुटुंबांच्या तसबिरी. आणि मधोमध आमचे साहेब. टायपिंग करणारी ताई त्यांना पाठीमागे 'लोणीसाहेब' म्हणायची, कारण ते समोरच्याला आधी लोणी लावत आणि मगच बोलत. त्यांना एक खोड होती. पान उलटण्याआधी ते बोट जिभेवर फिरवत. एकदा नाही, प्रत्येक पानाला. मग तोच ओला कोपरा माझ्या तोंडात येई. ज्या तोंडात मुलांच्या कविता आल्या होत्या, त्या तोंडात ही थुंकी. काय सांगू तुम्हाला!

पण थुंकीपेक्षा किळसवाणी गोष्ट मला त्या ऑफिसात नंतर कळली.

त्या दिवशी टेबलाभोवती चौघं बसली होती. चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक बाई, लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा नवरा, त्याची आई, आणि घर विकणारे एक काका. नवरा-बायकोचं हे पहिलंच घर. किमतीतला मोठा भाग बँक कर्ज म्हणून देणार होती. उरलेला वाटा त्यांनी लग्न झाल्यापासून पै-पै करून साठवला होता. बयाणा, म्हणजे घर आपल्यासाठी अडवून ठेवण्याची आगाऊ रक्कम, त्यांनी महिन्यापूर्वीच दिला होता. राहत्या भाड्याच्या खोल्या सोडत असल्याचं घरमालकाला सांगूनही टाकलं होतं. आज सही झाली नाही तर बयाणा बुडणार होता. 'मुदत' असं ज्या पानाच्या कोपऱ्यात छापलं होतं, ते मीच टाचलं होतं.

"वहिनी, अभिनंदन!" साहेब म्हणाले. "इथे सही करा नि किल्ली घ्या. फोटो काढू आपण."

ताईने पेन पुढे केलं. बाईने ते घेतलं नाही. तिने कागदांची चळत उलटी केली आणि शेवटचं पान उघडलं.

"हे काय आहे?"

"ते किरकोळ. बाकीचे खर्च. सगळ्यांनाच असतात."

"किरकोळ? अहो, हा किमतीचा दहावा हिस्सा होतोय."

नवरा खुर्चीत पुढे सरकला. "साहेब, तुम्ही तर म्हणाला होतात, सगळं धरून."

"मग? धरलंच आहे की!" साहेबांनी दोन्ही हात पसरले. "बाल्कनी धरली, गाडीची जागा धरली, गच्चीचा हक्क धरला. एवढं सगळं धरून या किमतीत कोण देतं हो दादा?"

मित्रांनो, हे दोन शब्द मी तिथे रोज ऐकत असे. मला ते आवडतही असत, कारण सगळं धरून ठेवणं हे तर माझंच काम. त्या दिवशी मला कळलं की दलालाच्या तोंडी त्यांचा अर्थ एक असतो आणि घर घेणाऱ्याच्या कानात दुसरा. दलाल घराच्या भिंती धरतो. घेणाऱ्याला वाटतं, किल्ली हातात पडेपर्यंतचा सगळा खर्च धरला. महिनाभर दोन्ही बाजू तेच शब्द बोलत होत्या आणि माना डोलवत होत्या. फरक एवढाच, की एका बाजूला दोन्ही अर्थ ठाऊक होते.

"आम्ही धरलं होतं ते वेगळंच," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"आई, तुम्ही अजिबात काळजी करू नका."

"मी तुमची आई नाही हो. माझा मुलगा हा एकटाच. आणि तो लिफ्ट वर-खाली करतो, किंमत नाही."

टायपिंगवाली ताई मान खाली घालून खोकली. मला ते हसू वाटलं. नक्की सांगता येत नाही.

बाईने शेवटच्या पानावर बोट ठेवलं. दुकानात गिऱ्हाइकाला अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात, तशी ती एकेका ओळीवर थांबत होती. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न.

"हे पैसे कोणाकडे जातात?"

"ते मुद्रांक शुल्क. सरकारकडे. त्याशिवाय खरेदीखताला अर्थ नाही."

"पावती मिळते?"

"मिळते."

"हे?"

"नोंदणीचं. तेही सरकारकडेच."

"आणि हे? कर्ज प्रक्रिया?"

"बँकेकडे."

"यात कमी-जास्त होतं का काही?"

"विचारलं तर कधीकधी करतात."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम."

वहिनीची मॅडम झाली होती.

पुढच्या ओळी साहेबांनी भराभर सांगितल्या. घर बघून त्याची किंमत ठरवणाऱ्या माणसाची फी. घरावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही ना, हे तपासणाऱ्या वकिलाची फी. विमा. सोसायटीचं हस्तांतर आणि देखभालीची आगाऊ रक्कम. बहुतेक खर्च खरे होते, आणि वाईट वाटावं ते याचंच. खोटे असते तर भांडून उडवता आले असते. खरे खर्च कुठून तरी आणावेच लागतात, आणि या माणसांकडे ते नव्हते. नवऱ्याने हात मांडीवर ठेवले होते आणि तो नखातलं काळं ग्रीस उगाच कोरत होता.

मग बोट शेवटच्या ओळीवर आलं.

"कागदपत्र हाताळणी. हे कोणाकडे?"

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. "ते आपलं... ऑफिसचं."

"म्हणजे तुमच्याकडे."

"म्हणजे कामं असतात हो. कागद जमवायचे, क्रमाने लावायचे, पिना मारायच्या..."

"पिना मारायच्या?" बाईने माझ्याकडे बघितलं. खरंच, माझ्याकडे!

"सोन्याच्या आहेत का हो पिना?" सासूबाईंनी विचारलं.

मित्रांनो, मी आकड्यांत कच्चा आहे. पण बाईने ती रक्कम मोठ्याने वाचली, तेव्हा मला एवढं कळलं की तेवढ्या पैशांत माझ्यासारख्या स्टेपलरांचं अख्खं दुकान आलं असतं. माझ्या एका चाव्याची ही किंमत! आणि ती घेणार कोण, तर पानाला थुंकी लावणारे. माझ्या जबड्यात त्या वेळी पिना होत्या. त्या सगळ्या ओकून टाकाव्यात असं मला झालं. पण स्टेपलरला कोणी दाबल्याशिवाय काही करता येत नाही. आमची जातच तशी.

साहेबांचा आवाज बदलला. "हे बघा बाई, सही करायची तर करा. नाहीतर बयाणा गेला असं समजा. काका काही तुमच्यासाठी थांबणार नाहीत. त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

मॅडमचीही बाई झाली.

इतका वेळ काका टोपी मांडीवर घेऊन ऐकत होते. ते म्हणाले, "कोण दुसरं गिऱ्हाईक?"

"काका, तुम्ही जरा..."

"नाही, मला कळू दे तरी. मला कसली घाई? मुलीकडे राहायला जायचंय, तिची ती खोलीच अजून रंगवून झाली नाही. तुम्हीच म्हणालात, घेणाऱ्यांना घाई आहे."

"आम्हाला म्हणाले, तुम्हाला घाई आहे," नवरा म्हणाला.

काकांनी टोपी टेबलावर ठेवली. "आणि काय हो साहेब, ही हाताळणी माझ्याही कागदावर लावलीत ना?"

साहेबांनी बोट जिभेवर फिरवलं आणि उगाच एक पान उलटलं.

बाई काकांकडे वळली. "काका, खरे खर्च आम्ही भरू. पण आज नाही जमणार. दोन महिने द्याल? बयाणा तेवढा बुडवू नका."

काकांनी टेबलावरची टोपी उचलून पुन्हा मांडीवर घेतली. त्यांनी नकार दिला असता तर त्या कुटुंबाचं घर गेलं असतं, साठवलेले पैसे गेले असते आणि भाड्याच्या खोल्याही गेल्या असत्या. आणि नकार द्यायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

"दोन महिने," ते शेवटी म्हणाले. "तुमचा बयाणा खाऊन माझं कुठे पोट भरणार आहे? ताई, टाइप करा. मुदत वाढवली म्हणून. आणि ती हाताळणीची ओळ खोडा, दोघांच्याही कागदावरची."

साहेब "तसं होत नाही" म्हणेपर्यंत ताईची बोटं चालू लागली होती. ती एवढ्या वेगाने टाइप करते, हे मला त्या दिवशी समजलं.

उठताना बाई म्हणाली, "ताई, या कागदांची पिन काढून द्या. मला पानं सुटी हवीत. घरी एकेक वाचायचंय."

ताईने नखाने पिन उपटली. स्टेपलरचं केलेलं काम असं उपटून काढणं म्हणजे खरं तर त्याचा अपमान. पण मला बरं वाटलं. पानं सुटी झाली आणि पहिल्यांदाच ती नीट श्वास घेतायत असं मला वाटलं.

सगळे गेल्यावर साहेबांनी टेबलावर पडलेली ती वाकडी पिन उचलली, सरळ केली आणि तिने दात कोरत बसले. मग तीच पिन माझ्याशेजारी ठेवली. मी तुमच्यापासून काही लपवत नाही. जगात असंही असतं.

पुढे ताई एक कागद पोहोचवायला त्यांच्या नव्या घरी जाऊन आली, तेव्हा बाकीचं कळलं. मधले दोन महिने तिघांनी नवऱ्याच्या मावशीकडे एका खोलीत काढले. बँकेने प्रक्रियेची फी थोडी कमी केली, कारण बाईने जाऊन विचारलं. पलंगासाठी आणि पडद्यांसाठी ठेवलेले पैसे मुद्रांकात गेले. "खिडक्यांना वर्तमानपत्रं लावलीत आणि जमिनीवर बसून जेवतायत," ताई म्हणाली. "म्हातारीने मला खोल्या दाखवल्या, जसा काही राजवाडा."

मी अजून त्याच टेबलावर आहे. साहेब बदललेले नाहीत. परवाच कोणाला तरी सांगत होते, "सगळं धरून." माझी स्प्रिंग सैल होत चालली आहे आणि एक दिवस मला कचऱ्यात टाकतील. त्याचं मला फारसं दुःख नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, कधीतरी घर घ्याल. तेव्हा नुसती किंमत ऐकून खूश होऊ नका. किल्ली मिळेपर्यंत आणखी काय काय भरावं लागेल ते बयाणा देण्याआधी विचारा, आणि प्रत्येक ओळीला विचारा, हे कोणाकडे जातं. खऱ्या खर्चाचे पैसे आधीच बाजूला ठेवा. आणि कागदांची जाड चळत कोणी पुढे सरकवली, तर पिन काढून मागायला लाजू नका. पिन काढली की कागदाला दोन बारीक भोकं पडतात. बाकी काही बिघडत नाही.