उजव्या पायाचा गिअर

"बाई, गिअरबॉक्स खोलावाच लागतोय," रामलिंग मिस्त्रीनं सांगून टाकलं. "न्हाईतर इकून टाका अन् स्कूटी घ्या. बुलेट बायकांचं काम न्हाई."

सासऱ्याची बहात्तर सालची बुलेट हाय, गिअर उजव्या पायाला. दुधाचे दोन कॅन मागं अडकवून मी रोज सकाळी अहमदपूरला डेअरीवर येते. आठ दिवस झाले, येताना दुसरा गिअर पडतच नव्हता. मिस्त्रीनं क्लचची केबल बदलली, ऑइल बदललं, फरक शून्य.

"मग रिकामे कॅन घेऊन जाताना कसा पडतो?" मी विचारलं.

"योगायोग."

माझं डोकंच फिरलं. रोजच्या रोज योगायोग? कॅन भरलेलेच होते. मी तशीच धुळीत बसले आणि हातानं गिअरची दांडी दाबून बघितली.

पहिला गिअर वर उचलून पडतो, दुसऱ्याला दांडी खाली दाबावी लागते. आणि दाबायला जागाच नव्हती. कॅनच्या वजनानं लोखंडी पट्टी मागं दबली होती, तिचं पुढचं टोक वर येऊन दांडीखाली अडकलं होतं. कॅनसाठी ती पट्टी आठ दिवसांपूर्वी बसवली होती. बसवणारा रामलिंगच.

मी त्याच्या पेटीतून करवत उचलली.

"ऱ्हाऊ द्या बाई, मी कापतो," तो पुढं आला.

"सरका बाजूला," मी म्हणलं. "हे बायकांचं काम हाय."