ताईची गाडी चढावर बंद पडते

ताईची मोटरसायकल तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा धाकटीने तिच्याकडे, दोनदा निरोप देऊनही परत आलेल्या पाहुण्याकडे पाहावं, तसं पाहिलं.

धाकटी म्हणजे ताईची धाकटी बहीण. चाळिशीला टेकली होती, खांदे पैलवानाला लाजवतील असे, गॅरेज स्वतःचं, हाताखाली दोन कारागीर. तरी अख्खा रस्ता तिला धाकटीच म्हणायचा आणि त्याला तिची हरकत नव्हती. हरकत एकाच गोष्टीला होती. तिच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, की तिच्या अंगाची लाही व्हायची.

"पुन्हा?" तिने विचारलं.

"पुन्हा. काल संध्याकाळी, त्याच चढावर," ताई म्हणाली. "मागून ट्रक येत होता. कशीबशी कडेला घेतली."

ताई नर्स होती, पण दवाखान्यात बसणारी नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन ती पट्ट्या बदलायची, इंजेक्शनं द्यायची. तिचे बहुतेक पेशंट टेकडीवरच्या वस्तीत राहायचे आणि तिथे बस जात नव्हती. मोटरसायकल धड असेल तरच ताईचं काम धड. गेल्या काही आठवड्यांत गाडीने तिला इतक्या वेळा उशीर करवला होता, की दवाखान्यातल्या मोठ्या बाईंनी शेवटी विचारलं होतं: फेरी दुसऱ्या कुणाला देऊ का? तुम्ही आतल्या खिडकीवर बसा, कार्डं भरा. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"मी हो म्हणणार आहे," ताई म्हणाली.

खिडकीवर बसलेली ताई धाकटीला डोळ्यांसमोर आणता येईना. मांजराला पेटीत घालून झाकण लावावं, तसलाच तो प्रकार झाला असता.

"हो कशाला म्हणतेस? ठेव गाडी इथे. आज तिचं पोट फाडून बघते."

"दोनदा फाडलंस की."

ते खरं होतं. दोन्ही वेळा धाकटीने गाडी मुळापासून तपासली होती. प्लग नवा घातला, कार्बोरेटर उघडून धुतला, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली, टाकीचं झाकणसुद्धा तोंडाला लावून फुंकलं. बॅटरीपासून दिव्यापर्यंत प्रत्येक वायर हलवून पाहिली. मग स्वतः त्याच चढावर गाडी नेली, वर जाऊन खाली आली, पुन्हा वर गेली. गाडी हू की चू न करता पळाली.

तिची एक रीत होती. गाडी आली की आधी अंगावरचं सगळं उतरवायचं. पिशव्या, सीटवरची गादी, टाकीवरचं कव्हर, सगळं घडी करून फळीवर ठेवायचं आणि काम संपल्यावर साबणाने हात धुऊन मगच परत चढवायचं. गिऱ्हाइकाच्या वस्तूला तेलाचा डाग लागला तर मेकॅनिकची अब्रू गेली, असं तिचं मत होतं. त्यात ताईच्या टाकीवरचं कव्हर म्हणजे भाऊजींच्या हातचं. भाऊजी शिंपी होते. बायकोचे गुडघे टाकीच्या पत्र्याला घासतात म्हणून त्यांनी अलीकडेच ते निळ्या रेक्झिनचं कव्हर शिवलं होतं, आणि ते टाकीवर असं बसायचं, की टाकीच त्याच्या मापाने घडवली असावी. धाकटी ते दोन बोटांनी उचलायची.

मागच्या खेपेला काहीच सापडलं नाही, तेव्हा तिने छाती ठोकून निकाल दिला होता. "गाडी ठणठणीत आहे. तूच क्लच दाबून ठेवतेस आणि चढावर तिचा जीव काढतेस." भाऊजी तिथेच होते. ते हळूच म्हणाले होते, "आता दगदग झेपत नसेल तिला." ताईने दोघांकडे पाहिलं होतं आणि हेल्मेट घातलं होतं.

आजही ती हेल्मेट घालायला लागली. "गाडी ठेवायला वेळ नाही. पट्ट्या बदलायच्यात, लोक वाट बघत असतील. तुला सांगून जावं, म्हणून थांबले."

"थांब," धाकटीने फडक्याला हात पुसले. "तू चालव. मी मागे बसते. कुठं घोडं अडतंय ते अडू दे माझ्यासमोर."

"आणि गॅरेज?"

"दोन माणसं काय शोभेला ठेवलीत?"

तिने खिशात एक पाना आणि पक्कड टाकली आणि मागे बसली. तिच्या वजनाने गाडी इतकी दबली, की ताईला पहिल्यांदाच हसू आलं.

बाजार मागे पडला, पूल गेला, गोदामांची रांग गेली. धाकटी ताईच्या खांद्यावरून तिच्या डाव्या हाताकडे टक लावून होती. ताईची बोटं क्लचवर नव्हती. गिअर बदलताना जात, तेवढीच. एरवी मूठ धरून स्वस्थ. रस्त्यातला खड्डा ती इतक्या अलगद टाळायची, की मागच्या बॅगेतली बाटलीही वाजत नसे. आपण हिला काय काय बोललो ते धाकटीला एकेक करून आठवलं आणि तिचे कान तापले.

चढ सुरू झाला. अर्ध्यावर इंजिनाने आवंढा गिळला. मग पुन्हा एकदा, मग जरा सावरल्यासारखं झालं आणि बंद.

ताईने घाई केली नाही. उरलेल्या वेगातच गाडी कडेला घेतली, ब्रेक धरला आणि म्हणाली, "तो दगड सरकव चाकामागे. तो नव्हे, तो चपटा."

दगडसुद्धा ओळखीचा झाला होता. धाकटीने तो लावला आणि खाली बसली.

"आता काय करायचं असतं?" तिने विचारलं.

"काही नाही. थोडं थांबायचं. मग किक मारली की चालू होते. पुढच्या वळणापर्यंत जाते आणि पुन्हा बसते. टाकी भरलेली असली की जास्तच. तुला मी सांगितलं होतं."

सांगितलं होतं. पेट्रोल जास्त झालं म्हणून गाडी बंद पडते, हे ऐकून धाकटी तेव्हा पोट धरून हसली होती. आता तिला हसू आलं नाही. तिने कार्बोरेटरजवळची पेट्रोलची नळी उपसली आणि खाली बोट धरलं. नळीतून धार यायला हवी होती. चार थेंब आले आणि थांबले. टाकी जवळजवळ भरलेली, पेट्रोलचा कॉक उघडा, आणि नळी कोरडी.

धाकटी ताडकन उठली. टाकीवरच्या कव्हराला, झाकणाच्या जागी, वेल्क्रोच्या पट्टीने बंद होणारी एक टोपी होती. ती तिने उघडली, किल्ली फिरवली आणि झाकण वर ओढलं. फस्स करून हवा आत गेली. खाली नळीतून पेट्रोलची धार लागली, ती थेट तिच्या बुटावर.

"अगं, बूट," ताई म्हणाली.

"जाऊ दे बूट," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता, की समोरच्याला तिचा रागच यावा. तिने नळी बसवली आणि झाकण उलटं करून ताईसमोर धरलं. "हे बारीक भोक बघ. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? दुसरं पाडावं लागतं, हवा आत जायला. तसंच हे. जेवढं पेट्रोल खाली जाईल, तेवढी हवा वरून यायला हवी. नाही आली, तर टाकी पेट्रोल धरून ठेवते आणि इंजिन उपाशी मरतं. टाकी भरलेली असली की आत हवा मुळातच कमी, म्हणून लवकर मरतं. तू म्हणत होतीस ते अगदी बरोबर होतं."

"पण भोक तर स्वच्छ दिसतंय."

"स्वच्छच आहे. मी स्वतः फुंकलंय." धाकटीने कव्हराची टोपी उलटी केली. आतून काळ्या रबराचं जाड अस्तर होतं आणि त्या रबरावर झाकणाचा गोल ठसा उमटला होता, कणकेवर वाटी दाबावी तसा. टोपी झाकणावर इतकी चपखल बसत होती, की मुंगीलासुद्धा वाट नव्हती.

दोघी त्या ठशाकडे पाहत राहिल्या.

"ह्यांना सांगू नकोस," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"किती रात्री बसून शिवलंय त्यांनी ते. वायर तुटली होती म्हण."

"मी एकही वायर तुटलेली सोडली नव्हती, आणि हे अख्ख्या रस्त्याला माहीत आहे," धाकटी म्हणाली. "शिवाय आज खोटं बोलले, तर उद्या ते इंजिनालाही कोट शिवतील."

टोपी उघडीच ठेवून त्यांनी किक मारली. गाडीने चढ, वळण, त्यापुढचा चढ एका दमात खाल्ला. धाकटी मागे बसून शीळ घालत होती.

वस्तीतल्या पहिल्याच घरात एक म्हातारा पहारेकरी होता. पायाची जखम चिघळलेली. मध्यंतरी ताईऐवजी दुसरी नर्स आली, तेव्हा त्याने आतून कडी काढलीच नव्हती. आज ताईच्या गाडीचा आवाज ऐकून सून दार उघडून उभी होती. ताईने हात धुतले, खाली बसली, म्हाताऱ्याची टाच आपल्या मांडीवर घेतली आणि तो जुन्या साहेबांना शिव्या घालत असताना पट्टी कधी सुटली, कधी नवी बांधली, ते त्याला कळलंही नाही. धाकटी दारात उभी राहून बघत होती. हे हात कार्डं भरायला बसवायला आपण निघालो होतो, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचा मनापासून राग आला.

संध्याकाळी दोघी भाऊजींच्या दुकानात गेल्या. भाऊजी मशीनवर वाकले होते, ओठांत टाचण्या. ताई डोळ्यांनी नको नको म्हणत होती. धाकटीने कव्हर कापायच्या टेबलावर उलटं टाकलं आणि ठशावर बोट ठेवलं.

"भाऊजी, गाडी ह्याच्यामुळे बंद पडत होती. झाकणातून हवा जाते. तुमच्या टोपीने ती अडवली."

ताईने डोळे मिटून घेतले.

भाऊजींनी ओठांतली एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या उशीत खोचली. मग रबरावर अंगठा फिरवला.

"बाजारातलं एक कव्हर नमुन्याला आणलं होतं," शेवटी ते म्हणाले. "त्याच्या टोपीला मधोमध भोक होतं. मला वाटलं, कारागीर आळशी. मुद्दाम भोक ठेवून कुणी शिवतं का? मी ते बुजवलं. शिवाय आत पाणी जाऊ नये म्हणून अस्तर दुहेरी घातलं." त्यांनी ताईकडे पाहिलं. "ट्रक किती मागे होता?"

"होता लांब," ताई म्हणाली.

भाऊजी धाकटीकडे वळले. "एक विचारू? तू दोनदा गाडी तपासलीस. चढावर नेलीस. तेव्हा कशी नाही बंद पडली?"

"तेव्हा कव्हर काढलेलं होतं."

"का?"

"तुमच्या शिलाईला तेलाचा डाग लागेल म्हणून."

आपण काय बोललो ते धाकटीला बोलल्यावर कळलं. भाऊजींनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. ते रडतायत की काय, असं वाटून ताई पुढे झाली, तर ते हसत होते. मग धाकटीलाही राहवलं नाही.

ताई मात्र हसत नव्हती.

"छान," ती म्हणाली. "ह्यांनी माझे गुडघे जपले, हिने ह्यांची शिलाई जपली. आणि मी चढावर गाडी ढकलत होते. तुम्ही दोघांनी सांगितलं, माझा हात चुकतो, मला झेपत नाही. मी ते खरं मानलं. कळतंय का तुम्हाला? गाडी बंद पडली म्हणून नाही, तुम्ही म्हणालात म्हणून मी खिडकीवर बसायला निघाले होते."

धाकटीने आयुष्यात फार थोड्या वेळा खाली मान घातली असेल. आज घातली.

"तुझा हात नाही चुकत," ती म्हणाली. "मी आज बघितला. माझ्यापेक्षा चांगली चालवतेस. मी चुकले."

भाऊजींनी भोक पाडायचा पंच उचलला, रबर टेबलाच्या कडेवर धरलं आणि हातोडीचा एक ठोका दिला.

ताईने पर्समधून फोन काढला आणि मोठ्या बाईंना लावला. दोघांसमोरच उभी राहून ती बोलली.

"बाई, मी बोलतेय. खिडकीवर दुसरं कुणी बघा. टेकडीची फेरी मीच करणार... हो, उद्यापासून वेळेवर... नाही, गाडीत काही बिघाड नव्हता."

पलीकडून बाईंनी काहीतरी विचारलं. ताईने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. दोघंही शाळेतल्या मुलांसारखी उभी होती.

"घरच्या माणसांत होता," ती म्हणाली. "काढलाय आता."