मामांचा ताठ जबडा

सरावाच्या खोलीतल्या जुन्या रबरी पुतळ्याला आम्ही सगळे मामा म्हणायचो. कमरेखाली काही नाही, पुढचा एक दात पडलेला आणि जबडा रुसलेल्या जावयासारखा मिटलेला.

मी रुग्णवाहिका चालवतो, अक्का मागे रोग्याजवळ असते. ती शिकली मामांवरच. श्वासनळीत नळी घालायची तर आधी बोथट पात्याने जीभ उचलून वाट दिसली पाहिजे. मामांचा जबडा उघडेना, म्हणून त्या पिढीने युक्ती काढली : पातं वरच्या दातांवर टेकवायचं आणि तरफेसारखं दाबायचं. पुढे खऱ्या माणसांचेही दात हलले, पण जीव वाचलेला माणूस दातांबद्दल कुरकुरत नाही.

आता नवा पुतळा आला आणि मामा कोठीघरात गेले. नव्याचं नाव नवरदेव. श्वास घेतो, जीभ सुजवतो, प्राणवायूचा आकडा पडद्यावर दाखवतो आणि दातांवर भार पडला की टक्‌ वाजतो. त्याच्यावर नापास झालं की गाडीवरचं काम सुटलं, मदतीचे फोन घेत टेबलाशी बसायचं. अक्का जेवतानासुद्धा एका जागी बसत नाही.

आठवडाभर सराव झाला. दर वेळी टक्‌.

"हात माझा नाही, मामांचा आहे," अक्का म्हणायची.

"मग मामांनाच फोनवर बसवू," मी म्हणालो. ती हसली नाही.

परीक्षा घ्यायला बाई होत्या, अक्काच्याच तुकडीतल्या. मी बाकावर बसलो होतो. बाईंनी बटण दाबलं आणि नवरदेवाची जीभ फुगली. अक्काने पातं घातलं. वाट दिसेना. आकडा उतरू लागला. तिचं मनगट दातांकडे वळलं आणि थबकलं. तिचे गाल लाल झाले होते. ती श्वास रोखून उभी होती.

ही जुन्या सरांनी लावलेली सवय. मामांशेजारी उभे राहून ते म्हणायचे, "आधी स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला धाप लागली की समजा, त्यालाही लागली. मग हट्ट सोडा." भिंतीला पोपडे आलेल्या त्या खोलीत सगळी तुकडी गाल फुगवून उभी असायची. मी दारातून बघून हसायचो.

अक्काने सुस्कारा सोडला आणि पातं बाहेर काढलं. हनुवटी वर उचलली, तोंडावर मास्क घट्ट धरला, पिशवी दाबली. छाती वर आली. आकडा चढायला लागला.

"नळी नाही घालायची?" बाईंनी विचारलं.

"घालायची काय घाई आहे? श्वास चाललाय ना त्याचा."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सर असते तर तुझ्या पाठीत धपाटा घातला असता. शाबासकीचा." कागदावर पास लिहिलं आणि वर टोमणा मारला, "दात न वाजवण्याचा सराव मात्र रोज करायचा, अक्का. मी येऊन ऐकणार आहे."

जाताना अक्का कोठीघरात शिरली. बराच वेळ बाहेर येईना. आली तेव्हा पदराला धूळ होती.

"काय म्हणाले मामा?" मी गाडी सुरू केली.

"काही नाही. आजही तोंड उघडलं नाही."