बर्फावरचं घर आणि पडलेला उमेदवार

स्वतःच्या हाताने घर बांधणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज चढतं, असं मानलं जातं. व्हर्लिन हाउगडालच्या चेहऱ्यावर त्या डिसेंबरात जे चढलं होतं तो फोमचा भुगा होता, आणि त्याच्या घराला जमिनीत चार भोकं होती. भोकं मुद्दाम पाडलेली होती. तळं गोठलं की घर ओढत बर्फावर न्यायचं, त्या भोकांखाली बर्फालाही भोकं पाडायची, गळ सोडायचे आणि मार्चपर्यंत बसून राहायचं. मिनेसोटात ह्याला खेळ म्हणतात.

व्हर्लिनने जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावरही त्याला बर्फावर स्वतःचं घर असावं असं कधी वाटलं नव्हतं. घर मेहुण्याकडे होतं. गेलन स्कोग्मो, म्हणजे बायकोचा, आर्डिसचा धाकटा भाऊ, त्याच्याकडे चाकांवरचं, दुकानातून घेतलेलं, आत गालिचा असलेलं घर होतं. दोघे त्यात वीसेक हिवाळे बसले. बोलणं फारसं होत नसे. गेलन 'हं' म्हणायचा, व्हर्लिन 'हं' म्हणायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन व्हर्लिन आर्डिसला सांगायचा की आज मस्त गप्पा झाल्या.

मग गेलनला काउंटी बोर्डाची, म्हणजे तिकडच्या जिल्हा परिषदेची, निवडणूक लढवायची हुक्की आली. प्रचारासाठी त्याने ते बर्फावरचं घर विकलं. रस्तोरस्ती पाट्या लागल्या: प्लास्टिकच्या, आतून पन्हळी असलेल्या, दोन्ही बाजूंनी छापलेल्या. त्यावर गेलनचा हसरा चेहरा आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'गेलन स्कोग्मो. मी ऐकून घेईन.' गावातल्या प्रत्येकाने त्याला सांगितलं, माझं मत तुलाच. त्या भागात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. मतमोजणी झाली तेव्हा कळलं की तोंडावर हो म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी पडद्यामागे जाऊन मतपत्रिकेवर दुसऱ्याच नावापुढचा गोल काळा केला होता. तो निम्मा भाग कोणता, हे मात्र कळायला मार्ग नव्हता. गेलन पडला, घरात जाऊन बसला आणि बाहेर येईना. पाट्या काढायलासुद्धा आर्डिसच गेली. सगळ्या उपटून तिने व्हर्लिनच्या गॅरेजमध्ये आणून रचल्या.

नाताळच्या आधी व्हर्लिन मेहुण्याकडे गेला. "बादल्या उलट्या घालून उघड्यावर बसू," तो म्हणाला. "वॉलाय मासा लागतोय म्हणतात."

गेलन नको म्हणाला. ह्यात काळजीचं काही नव्हतं. तिकडे कॉफीचा कपसुद्धा पहिल्यांदा नको म्हणायचा असतो, दुसऱ्यांदा 'उगाच कशाला त्रास' म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धाच दे' म्हणून पूर्ण प्यायचा असतो. व्हर्लिनने दुसऱ्यांदा विचारलं. गेलन म्हणाला, उगाच कशाला. व्हर्लिनने रीतीप्रमाणे थोडं खिडकीबाहेर बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही," गेलन म्हणाला.

घरी येऊन व्हर्लिनने बूट काढले नाहीत, तसाच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "तिसऱ्यांदाही नाही म्हणाला."

आर्डिसने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तिसऱ्यांदा?"

"सरळ. नाही म्हणाला."

"देवा रे. आमच्या आईच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा तो तिसऱ्यांदा हो म्हणाला होता." ती खुर्चीवर बसली. "उघड्यावर नाही यायचा तो. सगळं गाव त्या बर्फावर असतं. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसायचं, ह्याने मत दिलं असेल की नसेल. त्याला चार भिंतींच्या आत ने, व्हर्लिन. नाहीतर तो असाच सुकेल."

"भिंती कुठून आणू?"

"ते मला काय विचारतोस? गॅरेजमध्ये एवढा कचरा कशासाठी जमवलायस?"

बायकोने कचऱ्याला साहित्य समजण्याची ही पहिलीच वेळ. व्हर्लिनने ती वाया जाऊ दिली नाही. खालची चौकट जुन्या धक्क्याच्या लाकडांची केली आणि तिला घसरायला लोखंडी पट्ट्या ठोकल्या. खिडक्या मोडीत निघालेल्या बसच्या. अर्ध्या खाली सरकणाऱ्या, आणि तिकडच्या प्रत्येक पोराला माहीत असल्याप्रमाणे अर्ध्यावरच अडकणाऱ्या. बाकंही बसचीच, हिरवी. भोकांना तळ कापलेल्या बादल्या बसवल्या, वर झाकणं, म्हणजे वापरात नसेल तेव्हा गारठा वर यायला नको. छतातून धुराचा पाइप काढला आणि शेजारी हवेसाठी वेगळी फट ठेवली, कारण उबेने मरणं हे थंडीने मरण्याइतकंच मूर्खपणाचं दिसतं.

प्रश्न होता आतल्या फोमचा. दुकानातल्या किमती वाचून व्हर्लिन नुसताच घरी आला होता. पण गावातला ऑरिन ट्वेटन आपली टर्की कोंबड्यांची जुनी शेड पाडत होता आणि तिच्या भिंतींत जाडजूड फोमचे तक्ते होते.

"घेऊन जा," ऑरिन म्हणाला. "फुकट. थोडा वास आहे."

"कसला?"

"टर्कींचा. गार असताना येत नाही."

व्हर्लिनने तक्ते मापाने कापले, फटीफटीत फुगणारा फेस मारला. आता फोमवरून आतून काहीतरी लावायला हवं होतं. हलकं, ओल न धरणारं आणि शक्यतो फुकट. त्याने गॅरेजभर नजर फिरवली. कोपऱ्यातून साठ-सत्तर गेलन त्याच्याकडे बघून हसत होते.

पाट्या उलट्या लावाव्यात तर त्या दोन्ही बाजूंनी छापलेल्या. तेव्हा त्याने त्या स्क्रूने बसवल्या आणि स्वयंपाकघराचा उरलेला बदामी रंग काढला.

"प्लास्टिकवर रंग धरत नाही," दारातून आर्डिस म्हणाली.

"दोन हात देतो."

"अरे, तीन दिलेस तरी धरणार नाही."

"आर्डिस, मी पस्तीस वर्षं बसगाड्या रंगवल्या."

"त्या पत्र्याच्या होत्या."

त्याने दोन हात दिले. गॅरेजच्या थंडीत रंग बसला, छान बसला. भिंती बदामी, गुळगुळीत, निष्पाप दिसू लागल्या. आर्डिस आत येऊन एका बाकावर बसली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "तसं वाईट नाही." तिकडे ह्याहून मोठी स्तुती कोणाची झाल्याचं ऐकिवात नाही.

गेलनला आणायला ती स्वतः गेली. बहिणीला तीनदा नाही म्हणायची सोय नसते. टोपी भुवयांपर्यंत ओढून तो व्हर्लिनच्या पिकअपमध्ये बसला, आणि तळ्यावरून जाताना दोन्ही बाजूंच्या घरांकडे न बघता थेट समोर बघत राहिला. दारातून वाकून आत शिरला. बाकावर बसला. व्हर्लिनने बर्फाला भोकं पाडली, शेगडी लावली, गळ सोडले.

बाहेर वारा तळं खरवडत होता. आत दहाएक मिनिटांत दोघांनी कोट काढले, मग स्वेटर. व्हर्लिनला मनातून फार समाधान वाटलं. टर्कींच्या फोममध्ये दम होता. टर्कींचा वासही होता.

"हं," गेलन म्हणाला.

"हं," व्हर्लिन म्हणाला, आणि आता सगळं पूर्वीसारखं होईल असं त्याला वाटलं.

तेवढ्यात समोरच्या भिंतीवर एक फोड आला. पापडावर यावा तसा. तो फुगला, फाटला, आणि बदामी रंगाची एक पट्टी हळूहळू सुटत खाली लोंबायला लागली. तिच्यामागून एक डोळा दिसला. व्हर्लिनने आपल्या गळाच्या टोकाकडे असं काही बघायला सुरुवात केली की जणू तिथे देवमासा लागलाय. दुसरा फोड आला. मग कान आला. छतावरून एक लांबलचक सालपट सुटलं आणि गेलनच्या कॉफीत पडलं. वर 'ऐकून घेईन' एवढंच दिसू लागलं.

घर जितकं पक्कं तितकी ऊब जास्त, आणि ऊब जितकी जास्त तितका रंग लवकर सुटत होता. चूक एवढीच होती की फोम चोख बसला होता.

"व्हर्लिन," गेलन म्हणाला.

"हं."

"तो माझा डोळा आहे."

"तसा वाटतोय खरा."

"ह्या माझ्या पाट्या आहेत."

पिकअपची किल्ली खिशात आहे का ते व्हर्लिनने चाचपलं. मेहुण्याला घरी सोडायचं, मग आर्डिसला सांगायचं, आणि मग मार्चपर्यंत एकट्याने कुठे बसायचं ते बघायचं. गेलन उठला. पण तो दाराकडे गेला नाही. भिंतीशी जाऊन त्याने एका सालपटाला नख लावलं आणि ते ओढलं. ते कपाळापासून हनुवटीपर्यंत एकसंध निघालं. त्याला ते बरं वाटलेलं दिसलं, कारण त्याने दुसरं ओढलं.

"त्या दिवशी दाढी नीट झाली नव्हती," तो म्हणाला.

"फोटो चांगलाय."

"ही पाटी तू उलटी लावलीयस."

"मापात बसत नव्हती."

इतक्यात दारावर थाप पडली आणि ऑरिन ट्वेटन आत आला; आपला फोम कसा बसलाय ते बघायला. त्याने दार लावलं, चष्म्यावरची वाफ पुसली, चष्मा घातला आणि चहूकडून हसणाऱ्या स्कोग्मोंच्या मधोमध खिळून उभा राहिला. खरा स्कोग्मो नखाने आपलंच नाक सोलत होता.

"गेलन," ऑरिन म्हणाला. मग कोणीही काही विचारलेलं नसताना तो म्हणाला, "मी मत तुलाच दिलं होतं, बरं का."

गेलनने त्याच्याकडे बघितलं. मग भिंतीकडे. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर पाटीवरच्यासारखं काहीतरी उमटलं. तोंड लपवायची वेळ आता त्याची नव्हती.

"बस ना, ऑरिन. कॉफी घे."

"नको नको."

"अरे घे."

"उगाच कशाला त्रास."

"घे रे बाबा."

"बरं, अर्धाच दे," ऑरिन म्हणाला, आणि पूर्ण प्याला. पिताना कुठे बघावं हे त्याला कळेना, म्हणून तो शेवटी भोकात बघत बसला.

दुसऱ्या दिवशी गेलन आपणहून आला. तिसऱ्या दिवशी तो व्हर्लिनच्या आधी येऊन शेगडी पेटवून बसला होता. दार उघडून तो येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचा. थंडीतून येणारा माणूस उबेला नाही म्हणत नाही. बँकेतली मंडळी आली, चर्चचा पाद्री आला, अंडी विकणाऱ्या दोघी बहिणी बटाट्याचे गोळे घालून भाजलेलं गरम हॉटडिश घेऊन आल्या. प्रत्येक जण कपाळाचा घाम पुसायचा, भिंतीवर नजर जाताच दचकायचा आणि म्हणायचा, माझं मत तुलाच होतं. गेलन सगळ्यांना बसवून घ्यायचा आणि रस्त्यांच्या खड्ड्यांबद्दल सविस्तर सांगायचा. ऐकून घेईन असं लिहिलेल्या त्या भिंतींच्या आत ऐकून घ्यायचं काम बाकीचे करत होते. मासे फारसे लागले नाहीत. इतक्या बडबडीत मासा काय करेल?

व्हर्लिनला शांतता हवी होती, ती गेलीच. पण पाठीमागे ऊब होती, पायाखाली वारा नव्हता, आणि मेहुणा बडबडत होता. व्हर्लिन अधूनमधून 'हं' म्हणायचा. घरी आर्डिस विचारायची, गेलन कसा आहे? तो म्हणायचा, "तसा वाईट नाही." मग ती त्याला न विचारताच पूर्ण कप कॉफी द्यायची.

मार्चमध्ये घरं उचलायची वेळ आली. बर्फावर पाण्याचा पातळ थर चढला होता. दोघे घराला साखळी लावत होते.

"मी मोजतोय," गेलन म्हणाला. "हिवाळाभर ह्या घरात जितक्या लोकांनी मला मत दिलं म्हणून सांगितलं ना, त्या हिशेबाने मी निवडून आलोय."

"हं," व्हर्लिन म्हणाला.

"म्हणजे लोकांच्या मनात आहे." गेलनने साखळी ओढून बघितली. "व्हर्लिन, पाट्या तू गोंदाने चिकटवल्यास की स्क्रूने?"

"स्क्रूने," व्हर्लिन म्हणाला, आणि गोंदच बरा होता हे त्याच्या तत्क्षणी ध्यानात आलं.

पुढच्या निवडणुकीला त्याच पाट्या भिंतींवरून काढून गेलन पुन्हा उभा राहिला. आधीपेक्षा कमी मतं पडली.