टाकीतलं उपाशी पाणी

"जयवंता, माय, टाकीत बोअरचंच पाणी टाकजो. लॅबमधलं इकडं आणू नोको."

दवाखान्यात नोकरीला लागली त्या दिवशी नत्थूजी मिस्त्रींनी सांगितलेलं हे वाक्य जयवंताला वर्षभरानं, फरशीवरचं पाणी टिपता टिपता, शब्दन् शब्द आठवलं.

टाकी तांब्याची, विजेवर पाणी तापवणारी. बोअरच्या जड पाण्यानं तिच्यात दर महिन्याला चुन्यासारखा थर धरायचा, अन् सत्तरीतले नत्थूजी दुखऱ्या गुडघ्यांवर बसून तो ॲसिडनं सोडवायचे. जयवंताला ते बघवेना. शेजारीच लॅबच्या मशीनमधून सगळे क्षार काढलेलं, काचेसारखं पाणी निघायचं. रोज पहाटे सोवळ्यानं पूजेचं पाणी भरणारी बाई ती. इतकं शुद्ध पाणी कोणाचं वाईट करील, हे तिच्या मनाला शिवलंच नाही. मुकाट्यानं ती तेच भरत गेली. थर धरेनासा झाला. "टाकीले पुण्य लागलं वाटते!" नत्थूजी हसले होते.

आता टाकीच्या सांध्यांना सुईच्या टोकाएवढी भोकं पडली होती, खाली हिरवे ओघळ. व्यवस्थापक प्रभाकररावांनी एकदा वाकून बघितलं अन् निकाल दिला, "बुढ्यानं ॲसिड जास्त वापरलं. नत्थूजी, सोमवारपासून येऊ नका."

नत्थूजी पाने-पक्कड पिशवीत भरत होते. त्यांच्या बायकोचं, विमलाबाईचं, दम्याचं औषध इथूनच फुकट मिळायचं; तेही आता बंद होणार होतं. जयवंता जवळ जाऊन बसली.

"काकाजी, लॅबचं पाणी मीच टाकलं. आठ महिने."

म्हाताऱ्यानं हातातला पाना खाली ठेवला. "अवं माय, त्या पाण्यात काहीच नसते. उपाशी असते ते. तापलं का ज्या भांड्यात ठेवलं त्यालेच खाते. मले काऊन नाई विचारलं?"

"तुमी नाई म्हटलं असतं."

"मंग!" त्यांना थकलेलं हसू आलं. "जाऊ दे आता. तू सांगशीन तं तुही नौकरी जाईन."

"जाऊ द्या. आजच सांगतो."

"भाकर तं खाऊन घे आधी."

"सांगतल्याबिगर घास नाई उतरत, काकाजी."

तिनं फडकं पिळून वाळत घातलं. हात धुतले. पदर सारखा करून, कठड्याला धरत, ती प्रभाकररावांच्या खोलीकडं जिना चढू लागली.