रियाधहून परत निघालेला कोट

मी एक लोकरी कोट बोलतोय. ऑगस्ट महिना आहे, रियाधचा विमानतळ आहे, बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन आहे आणि मी दर्शना नावाच्या एका नर्सच्या अंगावर आहे. येणारेजाणारे बघतात आणि हसतात. हसू देत. इथून विमानाने जाणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. बॅगेचं वजन वाढलं की जड कपडे अंगावर चढवायचे आणि काउंटरवर साळसूद चेहऱ्याने उभं राहायचं. माझं वजन तीन किलो आहे.

मराठी मी दर्शनाच्या घरी शिकलो. जन्माने मी जर्मनीचा. मला शिवणारी बाई मात्र जर्मन नव्हती, एवढं आठवतं. टाके घालताना ती कुठल्याशा वेगळ्याच भाषेत गुणगुणायची.

माझा पहिला मालक एका लहान गावात राहायचा. मी त्याला मनातल्या मनात म्हातारबुवा म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. मला तो दर रविवारी ब्रशने झाडायचा. पण गावातली गिरणी बंद पडली, मग शाळा बंद पडली, मुलगा मोठ्या शहरात गेला तो परत फिरकला नाही. एवढं सगळं कुणामुळे झालं हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते सांगणारे चौकात भेटले. परदेशातून आलेल्या लोकांमुळे झालं, असं ते म्हणाले. तेव्हापासून म्हातारबुवा दर बुधवारी मला चढवून चौकातल्या सभेला जाऊ लागला. मीही त्याच्याबरोबर घोषणा ऐकायचो. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा अंगात जरा जोर आल्यासारखं वाटायचं.

पुढे त्याचे पाय गेले आणि त्याला सांभाळायला लाइबा आली. लाहोरकडची नर्स. ती त्याला आंघोळ घालायची, भरवायची, माझी बटणं वरपासून खालपर्यंत लावायची आणि बुधवारी त्याची चाकाची खुर्ची ढकलत त्याच सभेला न्यायची. खुर्ची गर्दीत पोचवून ती कोपऱ्यावरच्या दुकानाशी थर्मास घेऊन उभी राहायची. सभा संपली की पुढे येऊन त्याला गरम चहा द्यायची. तो प्यायचा. त्याचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. त्या दिवसांची मला आजही लाज वाटते, कारण मी त्या बाईला कधी ऊब दिली नाही.

म्हातारबुवा गेला. तेव्हा कुठे मुलगा आला आणि त्याने मला दान-पेटीत टाकलं. तिथून गठ्ठा, गठ्ठ्यातून जहाज, आणि एक दिवस डोळे उघडले ते रियाधच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात, वहाबच्या गाळ्यावर. वहाब बांगलादेशी. वाळवंटात थंडीच्या दिवसांत शेकोटीला बसणारे लोक त्याच्याकडून कोट घ्यायचे. मी मात्र दोन वर्षं तसाच टांगलेला होतो.

एका शुक्रवारी दर्शना आली. बरोबर नवरा विश्वनाथ आणि अकरा वर्षांची मुलगी अहिल्या. दर्शनाला जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात नोकरी मिळत होती. जर्मन भाषेची परीक्षा ती रात्रपाळ्या सांभाळून पास झाली होती. विश्वनाथ एसीच्या कामावर सुपरवायझर. त्याच्या जागी कंपनी आता इथल्याच देशातला मुलगा घेणार होती, आणि तीन महिन्यांनी त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपणार होता. त्याबद्दल त्याने तक्रार केली नाही. देश त्यांचा आहे, एवढंच म्हणायचा.

वहाबने मला कागदात गुंडाळताना विचारलं, "भाई, जर्मनी जा रहे हो? वहाँ तो तुमको-हमको एक ही समझते हैं."

विश्वनाथला ते झोंबलं. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "या लोकांनी सगळा बाजार भरून टाकलाय." आपण स्वतः या शहरात सोळा वर्षं बाहेरून येऊन राहिलोय हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्याच्या घरी मला धक्काच बसला. जेवण झाल्यावर विश्वनाथ फोनवर व्हिडिओ बघायचा, आणि एकदा त्या फोनमधून मला माझ्या चौकातली घोषणा ऐकू आली. तीच, त्याच सुरात. खाली हिंदी अक्षरं. विश्वनाथ मान हलवत म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. आपलं घर आपणच राखायचं." त्याने तो व्हिडिओ गावी, लांज्याला भावाला पाठवला. भावाचं उत्तर आलं, आपल्याकडेही हेच करायला हवं, आंब्याच्या बागेत राखणीला ठेवलेल्या नेपाळ्याला आधी काढतो. म्हणजे त्या थंड चौकातलं बोलणं लांज्याच्या बागेत पोचलं होतं. मी तीन समुद्र ओलांडून आलो म्हणून मिरवत होतो. ते माझ्याआधी पोचलं होतं.

करारावर सही करायला दर्शनाकडे रविवारपर्यंत वेळ होता. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी तिने एसी अठरावर लावला, मला घातलं आणि आरशासमोर जर्मन वाक्यं म्हणून बघितली. सहज आतल्या खिशात हात घातला. तिथे म्हातारबुवाने घडी करून ठेवलेलं सभेचं पत्रक होतं.

ती खूश झाली. पुस्तकाबाहेरचं जर्मन पहिल्यांदाच हाती आलं होतं. बोट फिरवत वाचायला लागली, आणि तिला सगळे शब्द येत होते. पाहुणा, वेळ, घर, परत, जा. पहिल्या धड्यातलेच शब्द. वाचता वाचता तिचं बोट थांबलं.

"काय लिहिलंय?" विश्वनाथने विचारलं.

"तुम्ही पाहुणे होतात. पाहुण्यांनी वेळेवर निघावं. आपल्या घरी परत जा."

अहिल्याने वर बघितलं. "मम्मा, घर मतलब कौन-सा? ये वाला?" ती याच शहरात जन्मली होती.

"ते आपल्यासाठी नसेल गं," विश्वनाथ म्हणाला. "ते वेगळ्या लोकांना म्हणतायत."

"अहो, वेगळे कोणते? तिथे मला बघून कोण विचारणार आहे, मी लांज्याची की ढाक्याची?"

त्याने पत्रक तिच्या हातातून घेऊन घडी घातली आणि परत माझ्या खिशात सरकवलं. मग हळूच म्हणाला, "मग नको जाऊस."

"आणि तीन महिन्यांनी कुठे राहायचं? लांज्याला? तिथे आधीच तुमच्या भावाला कोण कोण नकोय." तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "तिथे म्हातारी माणसं आहेत, त्यांना उठवायला-बसवायला कुणी नाही. मला ते काम येतं. मी जाणार."

रविवारी तिने सही केली. त्याच संध्याकाळी विश्वनाथने भावाला निरोप लिहिला. दोनदा पुसला, तिसऱ्यांदा पाठवला. नेपाळ्याला काढू नकोस, त्याची पोरं तिथल्या शाळेत जातात. भावाने साधा अंगठाही पाठवला नाही.

आता विमानतळावर विश्वनाथ आमच्यासमोर उभा आहे. बापलेकीचा व्हिसा व्हायला वर्ष लागेल, कदाचित जास्त; इकामा संपला की तोवर दोघं लांज्याला. माझं वरचं सैल बटण त्याने काल स्वतः शिवलं, आणि आत्ता वाकून एकेक बटण लावतोय. त्याची बोटं लाइबासारखी सराईत नाहीत.

"तो कागद काढून टाकू का?" दर्शनाने विचारलं.

"राहू दे खिशात. कुणी तोंडावर तसं बोललं तर नवीन वाटायला नको." मग तो म्हणाला, "मी पाठवला होता तो व्हिडिओ, तो नको होता पाठवायला."

तिने त्याचा हात धरला. अहिल्या माझ्या बाहीत तोंड लपवून रडतेय. माझी बाही ओली झाली आहे आणि मला ती ओलीच राहू द्यायची आहे.

वाचकहो, माझं मागणं थोडं आहे. तुमच्या गावात कुणी असं ऋतू सोडून जाड कपडे घालून, घामाघूम होऊन उतरलं, तर कुठून आलात हे नंतर विचारा. आधी पाणी विचारा.

आमच्या विमानाची घोषणा झाली. खिशातला कागद म्हणतो, आपल्या घरी परत जा. तर आम्हा दोघांत घरी परत चाललेला मी एकटाच आहे, आणि मला अंगावर घालून पोचवतेय ती दर्शना.